वाढलेली काच

दिवाळी आठ दिवसांवर, चकलीचं पीठ भिजवलेलं,
आणि मी फिल्टर लावत बसलेय
आईच्या बांगड्यांच्या पेटीत.

पेटी दुकानातली. आत मखमल,
मखमलीत अजून चमकीचे कण.
आई मनगट नुसतं दाबून सांगायची
सव्वादोन, अडीच,
"हात सैल सोडा, ताई."
माझी मापं कडेवर कोरलेली,
बावन्न, अठ्ठावन्न, सदुसष्ट, सत्त्याहत्तर,
चष्मा लावल्याशिवाय वाचता येत नाहीत.

काच असलेलं वर्तुळ दांडक्यावर चढत नाही
हे पेटी उघडल्यावर लक्षात आलं.
मग दांडकी उपसली. एक निघेना.
खिळा गंजलाय. राहू दे.

फिल्टर नेमगोंडा मास्तरांचे.
स्टुडिओ मोडला तेव्हा बिस्किटांच्या डब्यात
एकावर एक टाकून दिले,
काचेला काच घासत,
लग्नघरी एका खोलीत कोंबलेल्या
अनोळखी पाहुण्यांसारखे.
"घे बाई. माझा आता डोळ्यातलाच
फिल्टर बदलायला झालाय."

दोन बावन्न एकमेकांत अडकलेत.
भोवती रबर गुंडाळलं, बोटं हलकी ठेवली.
आवळलं की आणखी बसतात.
"कुस्ती न्हवं ही,
हात लावला न लावला असं फिरवायचं."
सुटले.

आपल्या हवेचा भरवसा नाही.
शुक्रवार पेठेतल्या भिंतीला
पुराची रेघ आहे, रंगाखालून वर येणारी.
बुरशी तशीच येते, काचेच्या कडेनं,
कोळ्याच्या पहिल्या धाग्याएवढी.
म्हणून बुटांच्या खोक्यांतल्या,
औषधांच्या बाटल्यांतल्या पुड्या जमवल्या.
आतले दाणे शेंगदाण्यांनंतर त्याच तव्यावर
मंद शेकले,
मांजरपाटाच्या पुरचुंडीत बांधले.
घरभर कसला वास म्हणून विचारलं सगळ्यांनी.

पिवळा, ढगांसाठी. नारिंगी. हिरवा, कशासाठी आठवत नाही.
तारेवाला. यानं मंडपातल्या
प्रत्येक दिव्याला सहा टोकं फुटायची,
नवरीच्या नथीलासुद्धा.
त्या नवऱ्या आता नातीच्या लग्नाचा भाव विचारतात
आणि वर म्हणतात, तसले तारे नकोत हं.
फिरणारा, रंकाळ्याचा.
मास्तरांनी संध्यामठाच्या बाजूला उभं करून
कडं हळूहळू फिरवायला लावलं,
पाण्यावरचं आभाळ पुसलं गेलं
आणि खाली शेवाळ, दगड, कुणाची तरी चप्पल.
"चकाकी काढायची, ऊन न्हाई."
ते अजून पुरतं जमत नाही मला.

पद्मजा चिठ्ठ्या लिहायला बसली होती,
लाल घेऊन गॅलरीत पळाली.
गंगावेशीकडे निघालेली म्हैस लाल,
मागचा माणूस लाल, त्याची चरवी लाल.
"मावशी, दूध काढलं की तेपण लाल दिसणार.
पांढरं काही उरतच नाही यात."

डब्याच्या तळाशी नुसतं कडं.
खासबागेत जिंकलेल्या पैलवानावर
कुणीतरी उधळलेला रुपया
सरळ कॅमेऱ्यावर आला होता.
लेन्सला ओरखडा नाही.
काचेचा चुरा मास्तरांनी रुमालात गोळा केला
आणि कडं ठेवलं, इतकी वर्षं.
मी विचारलं होतं, मोडकं कशाला?
"त्येनं त्येचं काम केलंया."

पद्मजानं पेन उचललं.
"अठ्ठावन्न. काच फुटली. असं लिहू?"

आमच्यात फुटली म्हणत नाहीत.
गिऱ्हाईकाच्या हातात तडकली,
पेटीतच पिचली, तरी आई म्हणायची, वाढली.
दुकानात तो दुसरा शब्द
मी कधी ऐकलाच नाही,
आई गेली त्या दिवशीही नाही.

"वाढली, असं लिही."

तिनं लिहिलं, मग कडं डोळ्याला लावून बघितलं,
यातून काहीच बदलत नाही म्हणाली,
मनगटात घालून बघितलं,
अठ्ठावन्न म्हणजे जवळपास सव्वादोन,
आणि काढून
त्या न निघालेल्या दांडक्यावर चढवलं.
बसलं.

पीठ सुकत चाललंय.
सदुसष्टचे अजून चार राहिलेत.